नवव्या कलमाची चोरी

१

त्या शनिवारी अकोल्याच्या जुन्या शहरात यंत्रानं चोरी केली, असा बोभाटा झाला.

मोर्णा नदीच्या काठी बागायतदारांच्या सहकारी विक्री संघाचा बाजार भरे. संघाची कचेरी अमरावतीला, पण खरा व्यवहार अकोल्याला. माल लिलावात गेला की शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडायची. माल किती, भाव काय, अडत-हमाली जाऊन पदरात किती, हे सगळं त्या चिटोऱ्यावर. आजवर पट्ट्या कारकून हातानं लिहीत आणि शेवटच्या बाईला पट्टी मिळेपर्यंत ऊन उतरायला लागे. म्हणून १९६३ साली संघानं ठरवलं, मुंबईच्या कंपनीकडून यंत्र आणायचं. कार्डांना भोकं पाडायची, कार्डं यंत्राला चारायची आणि छापील पट्टी बाहेर काढायची.

यंत्राला स्वतःची अक्कल नसते. त्यानं काय काय करायचं हे आधी लिहून द्या, तसं आम्ही जुळवतो, असं कंपनीनं सांगितलं. त्या लिहून दिलेल्या कागदांना कचेरीत 'गरजांचा मसुदा' म्हणत. तो केला वसंता मोहरीलनं. संघाचा तरुण चिटणीस, मुंबईला जाऊन शिकून आलेला, आणि हे शिकून आलेपण कुणाला विसरू न देणारा.

शनिवारी चाचणी झाली. बड्या बागायतदारांच्या पट्ट्या सटासट निघाल्या, टाळ्या पडल्या. मग टोपलीवाल्या बायांची पाळी आली. या बाया दोन-दोन टोपल्या वांगी, मेथी घेऊन येणाऱ्या. एवढ्याशा मालाला वेगळा लिलाव कोण करणार? म्हणून पाच-सहा जणींचा माल एका ढिगात ओतायचा, ढीग एका बोलीत विकायचा आणि मग ज्याची त्याची वाटणी करायची. याला म्हणत सामायिक ढीग. यंत्रानं काय केलं, तर ढिगातली पहिली टोपली जिची, तिच्या एकटीच्या नावानं सगळी पट्टी काढली. बाकीच्या बाया रिकाम्या हातानं बघत राहिल्या.

"आमी काय फुकट वाटाले आनली काय वांगी?" त्यातली माणिकबाई कडाडली, आणि तिच्यामागं सारा बाजार उठला.

कंपनीच्या माणसानं मसुदा उघडला. "साहेब, यात सामायिक ढिगाबद्दल एक अक्षर नाही."

"नाही कसं? नववं कलम त्याचंच आहे!" वसंता म्हणाला आणि त्यानं कागद हिसकावून घेतले.

नववं कलम कोठाराच्या भाड्याचं निघालं. कलमांचे आकडे एकामागून एक, कुठं खाडाखोड नाही, पान फाटलेलं नाही. आणि शेवटच्या पानावर वसंताच्या सहीखाली तिघा तपासणाऱ्यांच्या सह्या होत्या: 'वाचले, तपासले, बरोबर आहे.'

२

गोदावरी उमाळकरला निरोप आला तो रविवारी सकाळी, आणि तोही जुन्या वर्गमैत्रिणीकडून, रमाकडून. म्हणून ती आधी आरशात पाहून केस नीट करून मगच निघाली.

हे केसांचं प्रकरण सांगायला हवं. गोदावरी अमरावतीच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायची. प्रश्नपत्रिका कुणी फोडली, देवळातला समईचा जोड कुठं गेला, असली कोडी तिनं सोडवलेली, त्यामुळं गावात तिचं नाव होतं. पण तेवढ्यानं तिचं पोट भरत नव्हतं. शिकताना रमा कायम पहिली आणि गोदावरी कायम दुसरी. वसंता मोहरीलचं स्थळ आधी सांगून आलं ते गोदावरीला. पत्रिका जुळली नाही म्हणून ते पुढं सरकलं आणि रमाकडं जाऊन थांबलं. रमानं तेही पहिल्या नंबरानं पटकावलं, असं गोदावरीला वाटे. तिनं पुढं लग्नच केलं नाही, आणि त्याचं कारण ती प्रत्येकाला वेगळं सांगत असे.

रमाच्या अंबापेठेतल्या त्या नीटनेटक्या घरात पाऊल टाकलं की गोदावरीच्या पोटात दुखायला लागे. पडदे इस्त्रीचे. खुंटीवर वसंताचा कोट. कपाटाशेजारी झाकण घातलेला टाइपरायटर.

"बुधवारी बैठक आहे," रमा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "यांना बापूसाहेब काढून टाकणार. एवढ्यावर भागलं तर बरं. लोक म्हणून राहिले, की बड्या बागायतदारांकडून काही घेऊन यांनीच कलम गाळलं. फौजदारीही होईल म्हणतात. गोदे, तूच काहीतरी कर."

बापूसाहेब म्हणजे संघाचे अध्यक्ष, नावाजलेले वकील.

"मसुदा टाइप कोणी केला?"

"मी. यांनी दिला तसा केला." रमानं पदरानं डोळे टिपले. "मी टाइप करणारी बाई, गोदे. त्यातलं मला काय कळतं?"

गोदावरीनं मान हलवली. खरं सांगायचं तर रमाला रडताना बघून तिला फारसं वाईट वाटत नव्हतं, आणि याचं तिला जरा वाईट वाटत होतं.

एवढ्यात वसंता आतून आला. खांदे पडलेले, दाढी वाढलेली. "मी कलम लिहिलं होतं, गोदावरीबाई. कुणीतरी काढलं. आणि कुणी ते मला ठाऊक आहे. मोरोपंत! माझं नाव झालं तेव्हापासून म्हातारा जळतोय."

"पण तीन माणसांनी मसुदा तपासला आणि एकालाही कलम गेल्याचं दिसलं नाही, हे कसं?"

या प्रश्नावर वसंता एकदम ताठ बसला. त्या अवस्थेतही त्याच्या चेहऱ्यावर थोडी ऐट आली. "मसुदा तपासायची रीत मीच बसवून दिलीय. बापूसाहेबांनी त्याबद्दल शाल दिली मला गेल्या महिन्यात, भर सभेत. हे बघा, मसुदा तपासायच्या रीती अनेक. साधा कागद असला तर मित्राला चहावर दाखवला तरी चालतो. विषय लोकांना नवा असेल तर लिहिणाऱ्यानं बैठकीत मोठ्यानं वाचायचा, ऐकणाऱ्यांनी अडवायचं. नेहमीच्या चुका माहीत असतील तर प्रश्नांची यादी घेऊन ताडून बघायचा. आणि धोका मोठा असेल तर नजरा वाटून द्यायच्या. एकानं हिशेबनिसाच्या नजरेनं वाचायचं, एकानं शेतकऱ्याच्या, एकानं लिलाव करणाऱ्याच्या. मी नजरा वाटल्या."

रमा चहा आणायला आत गेली. आतून कप बशीवर जरा जोरातच वाजल्याचं ऐकू आलं.

३

मोरोपंत धर्माधिकारी संघाचे जुने हिशेबनीस. त्यांनी घरी आलेल्या गोदावरीला आधी खुर्ची दिली नाही, मग स्वतःच उठून दिली.

"हो, मी जळतो," ते सरळ म्हणाले. "माझी सगळी नोकरी हिशेबात गेली आणि काल आलेलं पोर मला कार्डं शिकवतं. आयत्या बिळावर नागोबा! पण कलम चोरायला मी कशाला जाऊ? मला हिशेबाची नजर दिली होती. बेरजा जुळतात का, अडत किती टक्के कापली जाते, दोनदा कापली जाते का, तेवढं पाहिलं. ते चोख होतं. सही केली."

"सामायिक ढीग आठवला नाही?"

"ढिगाची वाटणी कचेरीत होतच नाही, बाई. आमच्याकडं ढिगाची एक रक्कम येते आणि एक जाते."

सोमवारी कॉलेजात रजा टाकून गोदावरी एस.टी.नं अकोल्याला गेली. भातकुलीचे शेषराव बाजारातच भेटले. संत्र्यांची मोठी बाग, संघाचे संचालक, बोलणं रोखठोक.

"मले शेतकऱ्याची नजर देल्ली होती," शेषराव म्हणाले. "म्या वाचलं. माह्या गाड्या येतात, माह्या नावानं लिलाव होते, माही पट्टी माह्या हाती. बराबर होतं समदं. ढिगाचं मले काय मालूम? म्या जिंदगीत ढिगात माल टाकला नाई."

"ढीग बंद झाले तर बड्या बागायतदारांचा फायदाच ना?"

"फायदा कायचा? भाजी नसली बाजारात त संत्र्यापाशी गिऱ्हाईक कोन आनते? डोक्सं लावा न बाई जरासं."

लिलाव पुकारणारे खुशालराव बसलेल्या आवाजात म्हणाले, "मले लिलावाची नजर. बोली तुटली का माहं काम खतम. म्होरं त्या बाया लिंबाखाली बसून आपसात काय वाटून घेतात, तिकडं म्या कधी पायलं नाई."

गोदावरी लिंबाखालच्या ओट्यावर बसली आणि विचार करू लागली. हिशेबनिसाच्या नजरेत ढीग नाही. बड्या शेतकऱ्याच्या नजरेत नाही. लिलाववाल्याच्याही नाही. तीन नजरांच्या मधोमध एक फट होती आणि कलम नेमकं त्या फटीतून गेलं होतं. मोठ्यानं वाचन झालं असतं तर बाजारातल्या एखाद्यानं तरी ढिगाचं काय म्हणून विचारलं असतं. टोपलीवालीची नजर कुणाला दिली असती तरी पकडलं गेलं असतं. तसं झालं नाही. रीतच अशी निवडली होती की चोरी दिसू नये. म्हणजे ज्यानं नजरा वाटल्या, त्यानंच कलम काढलं!

आणि नजरा कुणी वाटल्या? 'मीच,' असं तो छाती पुढं काढून म्हणाला होता.

वसंताच चोर! गोदावरीला आनंदाची उकळी फुटली. रमाचा नवरा चोर. ते स्थळ हुकलं ते देवानंच वाचवलं म्हणायचं. आता रमा त्या इस्त्रीच्या पडद्यांआड तोंड लपवून बसेल. गोदावरी चक्क हसली. मग आपण हसतोय हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःची भीती वाटली.

४

तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाईला एवढं कळत होतं की जे उत्तर इतकं गोड लागतं, ते पुन्हा चाखून बघावं. समोर माणिकबाई टोपल्या झटकत होती. गोदावरीनं तिला गाठलं.

"माणिकबाई, ढिगाची वाटणी तुम्ही कशी करता?"

"टोपल्या मोजून करतो. पन एखादीचा माल सडका निंगाला, त तिची टोपली अर्धी धरतो. अन् जिच्या घरी बाळंतीन हाय, नाई त कोनी बिमार हाय, तिले ढिगातली उरलीसुरली भाजी देतो. कोनी कटकट करत नाई."

"हे मसुद्यात लिहायला मोहरील साहेब तुम्हाला विचारायला आले होते का?"

"सायेब? सायेबाच्या बुटाले चिखल लागते न माय!" माणिकबाई हसली. "सायेब तिकडं खुर्चीवर बसून चहा पेत होते. इचाराले त त्यायची बाई आल्ती. चांगल्या लुगड्यानं मातीत बसली आमच्याजौळ. समदं इचारलं. सडक्या टोपलीचं, बाळंतिनीचं. आजपर्यंत तिच्याबिगर कोनी इचारलं नाई. आता तुमी दुसऱ्या."

इथंही आपण दुसऱ्याच, असं गोदावरीच्या मनात आलंच. पण लगेच दुसरी गोष्ट लख्ख झाली. 'मी टाइप करणारी बाई, त्यातलं मला काय कळतं' असं म्हणणारी रमा इथं मातीत बसून गेली होती.

संध्याकाळच्या एस.टी.नं ती परत फिरली. वाटेत तिनं सगळं उलगडून पाहिलं आणि मंगळवारी सकाळी वसंताला कचेरीत गाठलं.

"वसंतराव, मला एवढंच सांगा. विषय सगळ्यांना नवा होता. तुमच्याच म्हणण्याप्रमाणं अशा वेळी मसुदा मोठ्यानं वाचायचा. मग नुसत्या नजरा का वाटल्या?"

"धोका मोठा होता ना."

"मग दोन्ही रीती का नाही वापरल्या? आधी वाचन, मग नजरा?"

"तेवढा वेळ... म्हणजे त्याचं तसं असतं..." वसंता घुटमळला.

"शेतकऱ्याची नजर शेषरावांना का? त्यांनी कधी ढिगात माल टाकलेला नाही."

"शेतकरी तो शेतकरी!"

"बरं, तुमच्या नवव्या कलमात सडक्या टोपलीची वाटणी कशी लिहिली होती?"

वसंतानं टेबलावरचे कागद उगाच सरळ केले. "तपशील आता आठवत नाहीत. मला फार मनस्ताप झालाय, गोदावरीबाई."

स्वतः लिहिलेलं माणूस असं विसरत नाही. आणि स्वतः ठरवलेली गोष्ट का ठरवली हे त्याला सांगता येतं. वसंताला दोन्ही येत नव्हतं. कलम त्याचं नव्हतं आणि नजरांची वाटणीही त्याची नव्हती. टाइप करून आलेला मसुदा त्यानं पुन्हा वाचलासुद्धा नव्हता, खाली सही तेवढी ठोकली होती. बायकोनं सुचवलं हे कबूल करण्यापेक्षा तो स्वतःवर चोरीचा आळ घेत होता, आणि त्याला ते कळतही नव्हतं!

म्हणजे रमा.

५

पण इथं गोदावरीचे पाय अडले. कालचं उत्तर 'रमाचा नवरा' असं होतं आणि ते तिला गोड लागलं होतं. आजचं 'रमा' होतं, ते त्याहून गोड. मत्सरी माणसाचा तर्क नेहमी आवडत्या गावालाच जातो. तो कुणाकडून तरी तपासून घ्यायला हवा होता. मैत्रिणीला चहावर सांगण्यात अर्थ नव्हता, ती वाहवा करील. ज्याला ना तिची भीड, ना मोहरीलांचं प्रेम, अशाच माणसापुढं मोठ्यानं वाचायला हवा होता.

ती मोरोपंतांपुढं जाऊन बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मोरोपंत डोळे मिटून ऐकत होते.

"एक बेरीज चुकतेय," ते म्हणाले. "चोर रमाबाई, तर तुम्हाला बोलावलं कशाला? चोर कधी पोलिसाला निरोप धाडतो काय?"

"नवरा गोत्यात आला म्हणून."

"मग सरळ कलम आणून द्यायचं, जुन्या कागदात सापडलं म्हणून. तुम्हाला काहून बोलावलं?"

याचं उत्तर शोधायला गोदावरी उठली. ते एकाच घरात मिळण्यासारखं होतं.

रमा ओसरीवर मेथी निवडत बसली होती. गोदावरीला पाहून तिनं पाट सरकवला. "माणिकबाई भेटली?" तिनंच विचारलं.

"भेटली. रमे, का केलंस?"

रमानं जुडी खाली ठेवली. "शालीच्या दिवशी सभेला आलेल्यांसाठी मी आत पोहे परतत होते. मसुदा तपासायच्या रीती, कुठं कुठली वापरायची, सगळं मी विचार करकरून लिहून दिलेलं. यांनी ते घडाघडा म्हणून दाखवलं, लोकांनी टाळ्या दिल्या, बापूसाहेबांनी शाल घातली. घरी येऊन मला म्हणतात, पोहे जरा कोरडे झाले होते."

गोदावरीनं एक जुडी उचलून निवडायला घेतली.

"मी माझं काढून घेतलं, गोदे. नववं कलम माझं होतं. शब्दन् शब्द. आणि नजरा अशा वाटायला लावल्या की ते गेलेलं कुणाला दिसू नये. वाटलं, चाचणी अडेल, तेव्हा तरी हे चार लोकांत म्हणतील की थांबा, हे रमाला ठाऊक आहे. पण नाही! तिथंही 'मी लिहिलं होतं, कुणी चोरलं' असंच म्हणाले."

"मग मला का बोलावलंस?"

"ते जातील तुरुंगात, हे मला नको होतं. पण कलम चोरून गुपचूप परत ठेवायचं, तर मग मी कोण? ते काम माझं आहे हे एका तरी माणसाला कळायला हवं होतं. आणि माझी अक्कल ओळखेल असं तुझ्याशिवाय या गावात कोण आहे? तुला ठाऊक नाही गोदे, मी तुझ्यावर किती जळते ते. तू बोलतेस ते तुझं असतं. तुझा पगार तुझ्या सहीनं येतो. मला घरी येऊन सांगतात, गोदावरीबाईंनी अमुक कोडं सोडवलं, आणि मी त्या रात्री जेवत नाही."

गोदावरी थक्क झाली. सारं आयुष्य ती ज्या घराकडं बघून जळत होती, त्या घरातून कुणीतरी तिच्याकडं बघून जळत होतं. दोघी वेड्या! तिला हसू आलं आणि रडूही.

"उद्या बैठकीत हे तू सांगायचंस. मी नाही सांगणार," ती शेवटी म्हणाली.

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर वसंतराव जातील, आणि कलम त्यांचंच होतं असं कायमचं ठरेल."

६

बुधवारी संघाच्या दिवाणखान्यात बापूसाहेब अध्यक्षस्थानी बसले. शेषराव, खुशालराव, मोरोपंत हजर होते. गोदावरीनं माणिकबाईलाही बोलावून घेतलं होतं. ती खुर्ची नाकारून दाराशी उभी राहिली. वसंतानं उठून मोरोपंतांकडं बोट केलं आणि आरोप सुरू केला, तोच मागून रमा उभी राहिली.

"कलम मी काढलं," ती म्हणाली. "लिहिलंही मीच होतं. तपासायची रीतही माझी. यांना काही माहीत नव्हतं."

वसंता पांढराफटक पडला. आळ उतरत होता, नोकरी वाचत होती. कुठलाही शहाणा नवरा त्या क्षणी खाली बसला असता. वसंता म्हणाला, "तिच्या बोलण्याकडं लक्ष देऊ नका. मला वाचवायला बोलतेय. ती बिचारी फक्त टाइप करते. कलम माझंच होतं."

रमानं त्याच्याकडं पाहिलं. ते पाहणं गोदावरी पुढं कधी विसरली नाही.

बापूसाहेबांनी चष्मा काढला. "ठीक. ज्याचं कलम असेल त्यानं सांगावं. ढिगातली एक टोपली सडकी निघाली, तर वाटणी कशी?"

"ती टोपली... वजा करायची," वसंता म्हणाला.

"अर्धी धरायची," रमा म्हणाली. "साफ वजा केली तर ती बाई पुढच्या वेळी सडका माल तळाला लपवून आणेल. अर्धी धरली की स्वतःच दाखवते. आणि ढिगाची पट्टी एका नावानं न काढता टोपलीगणिक काढायची. उरलेली भाजी यंत्राच्या हिशेबात घ्यायची नाही, ती बायांनी आपसात ठरवायची."

"अस्संच हाय," दारातून माणिकबाई म्हणाली. "बाई खरं बोलून राहिली."

"घ्या!" शेषरावांनी मांडीवर थाप मारली. "काखेत कळसा अन् गावाले वळसा. मोहरील सायेब, बसा आता खाली."

काहीजण हसले. पण माणिकबाई हसली नाही. ती पुढं आली आणि थेट रमापुढं उभी राहिली.

"बाई, तुमचं दुख मले समजते. पन तुमी माह्याजौळ बसून समदं इचारलं, अन् मंग तेच काढून टाकलं. शनिवारी माही पोट्टी बिमार होती. म्या बिना पट्टीची घरी गेली. तुमच्या नवरा-बायकोच्या झगड्यात आमचं पोट काहून?"

पहिल्या वर्गात पास झालेली, नजरांचं शास्त्र जाणणारी रमा. आपणही एक नजर विसरलो होतो, हे तिला त्या क्षणी दिसलं. तिनं वाकून माणिकबाईच्या पायाला हात लावला. माणिकबाईनं पाय मागं घेतले नाहीत.

बापूसाहेबांनी निकाल दिला. फौजदारी नाही. वसंताची नोकरी राहील, पण न वाचता सही केल्याबद्दल चिटणिसाचं पद मोरोपंतांकडं. बायांना शनिवारच्या पट्ट्या संघ आजच हातानं लिहून देईल. आणि नवा मसुदा सौ. रमा मोहरील यांनी स्वतःच्या नावानं करावा, आधी लिंबाखाली बायांपुढं मोठ्यानं वाचावा, मग नजरा वाटाव्यात.

वसंता कुणाशी न बोलता निघून गेला. पुढं कित्येक दिवस तो रमाशी बोलला नाही. जेवणात मीठ कमी असलं तरीसुद्धा नाही. ज्या नवऱ्यासाठी गोदावरी इतकी वर्षं जळली, तो त्या दिवशी तिच्या मनातून पार उतरला. सभा संपल्यावर बाहेर पायरीवर रमा एकटीच उभी होती.

"गोदे, नवा मसुदा तपासायला शेवटची नजर तुझी हवी."

"माझी? अगं, मला भाजीतलं काय कळतं? आणि तू कबूल केलंस म्हणून मीही करते. मी तुझ्यावर जळते. आजची नाही, कॉलेजापासूनची."

"ठाऊक आहे. म्हणून तर," रमा म्हणाली. "माझ्यावर माया करणारा माझी चूक पोटात घालेल. तू एकही सोडणार नाहीस."

गोदावरीनं आढेवेढे घेतले नाहीत. पंधरवड्यानं मसुदा तिच्या टेबलावर आला, वर ठळक अक्षरांत रमाचं नाव. तिनं दार लावलं, तांबडी पेन्सिल घेतली आणि पहिल्याच पानावर तिला एक चांगली ढळढळीत चूक सापडली. तिला फार बरं वाटलं.